शिकणं होतं ते डाव संपल्यावर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परीक्षा संपून सुट्टी लागली की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत एक यादी हमखास येते. मुलांना मोबाइलपासून सोडवायचं असेल तर घरात बुद्धिबळ आणा, माळ्यावरचा कॅरम काढा, रविवारी सगळ्यांनी मिळून एखादा चांगला चित्रपट पाहा. खाली फायदे दिलेले असतात: एकाग्रता वाढते, संघभावना येते, निर्णयक्षमता सुधारते. यादीतले खेळ आणि चित्रपट बहुतेक चांगलेच असतात. आमची तक्रार फायद्यांबद्दल आहे. ते आपोआप होत नाहीत, आणि कसे होतात हे कोणी लिहीत नाही. आम्ही माध्यमिक शाळेतले काही शिक्षक तेरा ते सोळा वयाच्या मुलांबरोबर या दोन्ही गोष्टी करतो. पत्र लांबलं आहे, पण तपशिलाशिवाय या विषयावर लिहिण्यात अर्थ नाही.

आधी एक मोठी अपेक्षा बाजूला ठेवायला हवी. बुद्धिबळ खेळलं की गणित सुधारतं, असं पालक सर्रास म्हणतात. इंग्लंडमध्ये शंभर शाळांत याची रीतसर चाचणी झाली. दहा वर्षांच्या आसपासच्या मुलांना शाळेच्या वेळेतच, साधारण तीस तास बुद्धिबळ शिकवलं गेलं आणि २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शिकवणं संपल्यावर वर्षभराने गणिताचे गुण तपासले, तेव्हा बुद्धिबळ शिकलेल्या आणि न शिकलेल्या मुलांत फरक आढळला नाही. नागपूरची दिव्या देशमुख २०२५ मध्ये जॉर्जियात महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली, याचा आनंद आपल्या सगळ्यांना आहे. पण तिच्याकडे बोट दाखवून 'खेळ म्हणजे मार्क वाढतील' असं मुलांना सांगू नये. बुद्धिबळ शिकून बुद्धिबळ येतं, आणि तेवढं पुरेसं आहे.

मग या खेळांतून मिळतं काय? आमच्या मते या वयाला एक गोष्ट फार चांगली शिकता येते: निर्णय बरोबर होता का आणि निकाल चांगला लागला का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. चित्रपटातून याच्याच शेजारची गोष्ट शिकता येते: पडद्यावर प्रत्यक्ष काय दिसलं आणि त्यावरून मी मनाशी काय ठरवून टाकलं, हे वेगळं करणं. पण दोन्हींसाठी खेळ किंवा चित्रपट संपल्यानंतरची वीस मिनिटं राखून ठेवावी लागतात. ती नसतील तर मुलांची करमणूक होते, आणि त्यातही वाईट काही नाही. फक्त तिला शिक्षण म्हणू नये.

खेळांचा क्रम महत्त्वाचा आहे. सुरुवात नशिबाचा भाग अजिबात नसलेल्या खेळाने करावी. त्यासाठी आमची पहिली पसंती नवकंकरीला. हिचे पट आपल्या जुन्या देवळांच्या आणि लेण्यांच्या फरशांवर कोरलेले आजही दिसतात. खर्च शून्य. खडूने एकात एक तीन चौकोन काढायचे आणि प्रत्येक बाजूचा मध्य बाहेरच्या चौकोनापासून आतल्यापर्यंत एका रेघेने जोडायचा. तिरक्या रेघा काढायच्या नाहीत आणि सगळ्यात आतला चौकोन मधे रिकामा राहील हे बघायचं. असे २४ बिंदू मिळतात. दोन खेळाडू, प्रत्येकी नऊ सोंगट्या. एकाला चिंचोके, दुसऱ्याला बाटलीची झाकणं चालतात. आधी आळीपाळीने सोंगट्या मांडायच्या, मग रेघेवरून शेजारच्या रिकाम्या बिंदूवर सरकवायच्या. आपल्या तीन सोंगट्या एका रेघेत आल्या की समोरच्याची एक उचलायची. ज्याच्याकडे दोनच उरतात किंवा ज्याला हलायला जागा राहत नाही, तो हरतो.

इथे नवशिकी मुलं जवळपास एकाच प्रकारे हरतात. मांडणीच्या टप्प्यातच तीनची ओळ जुळवायची घाई करतात, सोंगट्या एका कोपऱ्यात दाटतात आणि सरकवायची वेळ आली की वाट उरत नाही. त्यांना उपदेश करू नका, बिंदू मोजायला लावा. कोणत्याही चौकोनाच्या कोपऱ्यावरून दोनच वाटा निघतात. बाहेरच्या आणि आतल्या चौकोनाच्या मध्यबिंदूंवरून तीन. मधल्या चौकोनाच्या चार मध्यबिंदूंवरून मात्र चार-चार. पुढच्या डावात ते चार बिंदू पकडायची चढाओढ लागते. १९९३ साली संगणकाच्या मदतीने सिद्ध झालं आहे की दोघेही अचूक खेळले तर हा खेळ बरोबरीत सुटतो. म्हणजे इथे जो हरला, त्याची कुठेतरी एक खेळी चुकलीच आहे आणि ती शोधून सापडते. 'माझं नशीबच फुटकं' म्हणायला जागा नसते. म्हणून हा खेळ आधी.

फाशांची पाळी त्यानंतर. लुडोत सोंगटी बाहेर काढायला सहा पाडावे लागतात. सहा वेळा फासा टाकला की एकदा तरी सहा पडणारच, असं बहुतेक मुलांना (आणि मोठ्यांनाही) वाटतं. हिशोब वेगळं सांगतो: सहा प्रयत्नांत निदान एकदा सहा पडण्याची शक्यता दोन-तृतीयांशाच्या आसपास आहे. दहा प्रयत्नांनंतरही शंभरातले सोळा खेळाडू घरातच बसलेले असतील. हे सूत्राने सांगितलं तर वहीत राहतं. म्हणून एक तास फाशांना द्यावा.

वर्गात ३६ मुलं असतील तर चौघांचे नऊ गट करा आणि प्रत्येक गटाला दोन फासे द्या. प्रत्येकाने अठरा वेळा दोन्ही फासे टाकायचे. गटाची ७२ दानं होतात. बेरीज किती आली ते खुणेने नोंदवत जायचं. दोन फाशांच्या ३६ जोड्यांपैकी सहा जोड्यांची बेरीज ७ येते, ६ आणि ८ प्रत्येकी पाच जोड्यांत, आणि २ किंवा १२ फक्त एकेका जोडीत. म्हणजे गटाला ७ बारा वेळा यायला हवेत. प्रत्यक्षात एका गटाला आठ वेळा येतात, दुसऱ्याला सोळा, आणि लगेच 'आमचा फासा खोटा आहे' अशी ओरड सुरू होते. ती होऊ द्यावी. मग नऊही गटांची ६४८ दानं फळ्यावर एकत्र मांडावीत. हिशोबाने सातांची संख्या १०८ असायला हवी आणि बेरीज तिच्या जवळपास येऊन बसते. थोड्या दानांत गोंधळ, जास्त दानांत शिस्त, हे मुलांना स्वतःच्या खुणांतून दिसतं. एकच काळजी घ्या: फासे टेबलावरून खाली पडले तर ते दान धरायचं की नाही, हे आधी ठरवा. नाहीतर हवं तेव्हा धरलं जातं आणि नको तेव्हा सोडलं जातं. स्टीलच्या वाडग्यात फासे टाकले तर हा प्रश्नच येत नाही.

यानंतर क्लाउस टॉयबर यांचा १९९५ सालचा 'कॅटान' हा जर्मन खेळ दाखवण्याजोगा आहे. पटावर १९ षट्कोनी जमिनी, त्यातली एक वाळवंट आणि उरलेल्या अठरांवर एकेक आकडा. फाशांची बेरीज त्या आकड्याइतकी आली की त्या जमिनीला लागून वस्ती असलेल्यांना विटा, लाकूड, लोकर, धान्य किंवा खनिज मिळतं. आकड्याखाली त्याच्या शक्यतेनुसार ठिपके छापलेले असतात. ६ आणि ८ लाल. फळ्यावरचा तक्ता ज्याने केला आहे तो मुलगा ६-८ जवळ वस्ती करतो. कधी कधी दानं उलटी पडतात, २ आणि १२ वर बसलेली मुलगी जिंकते, आणि वर्ग म्हणतो की तिची युक्ती भारी. वीस मिनिटांच्या चर्चेत इथे एकच प्रश्न विचारावा: 'हाच डाव उद्या पुन्हा मांडला तर तू कुठे बसशील?' जिंकलेली मुलगीही जरा थांबते, विचार करते. निर्णय आणि निकाल वेगळे झाले ते त्या क्षणी. हा खेळ तास-दीड तास चालतो, त्यामुळे जोडतास नसेल तर तो शाळेत आणूच नये. अर्ध्यात थांबलेल्या खेळावर बोलण्यासारखं काही नसतं.

आपल्या घरोघरी असलेल्या 'व्यापार'बद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण त्यातून मिळण्यासारखं सर्वांत जास्त आहे आणि तो सर्वांत चुकीचा खेळला जातो. या खेळाचं मूळ अमेरिकेतल्या एलिझाबेथ मॅगी यांच्या १९०४ च्या पेटंटमध्ये आहे. जमीन मोजक्या हातांत गेली की भाड्यामुळे बाकीचे कसे नागवले जातात, हे लोकांना दाखवण्यासाठीच त्यांनी तो बेतला. १९३५ साली तो 'मोनोपॉली' नावाने बाजारात आला तेव्हा तो हेतू मागे पडला. आपल्याकडे तो मुंबई-दिल्ली-कोलकात्याच्या घरांसह खेळला जातो.

घरगुती नियमांनी याचं वाटोळं होतं. दंडाचे पैसे मधे साठवायचे आणि एका घरावर येणाऱ्याने ते सगळे उचलायचे, ही प्रथा फार रुजली आहे. मूळ नियमात ती नाही. तिच्यामुळे बुडत आलेल्या खेळाडूच्या हातात फुकटची रोकड येते आणि डाव तीन-तीन तास रेंगाळतो. दुसरी चूक म्हणजे कोणी जागा विकत घेतली नाही तर ती तशीच सोडून देणं. मूळ नियमाने तिचा लगेच लिलाव करायचा असतो. लिलाव घेतला की डाव आटोपशीर होतो, आणि एखाद्या जागेची छापील किंमत आणि माझ्यासाठी तिची किंमत यांतला फरक मुलांना बोली लावता लावता कळू लागतो.

प्रत्येक मुलाला एक कागद द्या आणि चार रकाने पाडायला सांगा: फेरी, हातातली रोकड, मालमत्तेची छापील किंमत, गहाण. प्रत्येक फेरीनंतर भरायचा. हावरेपणाने दिसेल ती जागा घेणाऱ्या मुलाचा कागद बघण्यासारखा असतो. तिसरा रकाना फुगत जातो, दुसरा शून्याकडे येतो, आणि मग एकाच मोठ्या भाड्यापायी त्याला चांगल्या जागा अर्ध्या किमतीत गहाण टाकाव्या लागतात. सोडवताना वर दहा टक्के व्याज. मालमत्ता असूनही माणूस अडचणीत येतो कसा, हे व्याख्यान देऊन समजत नाही. या दोन रकान्यांत समजतं. दुसऱ्या दिवशी तोच खेळ एक नियम बदलून खेळवावा: भाडं मालकाला न देता सामाईक पेटीत टाकायचं आणि प्रत्येक फेरीअखेर सगळ्यांत सारखं वाटायचं. दोन्ही दिवसांच्या रोकडीचे आलेख एकाच कागदावर काढले की मॅगीबाईंना काय म्हणायचं होतं ते मुलं आपणहून बोलू लागतात. कोणता नियम 'न्याय्य' हे शिक्षकाने सांगू नये. नववीतली मुलं या मुद्द्यावर तासभर भांडतात, आणि ते भांडण चांगलं असतं.

कॅरमबद्दल एवढंच: बोर्डवरचा सर्वांत चांगला प्रश्न राणीचा आहे. तिचे तीन गुण, साध्या सोंगटीचा एक. राणी घेतल्यावर लगेच आपली सोंगटी घेऊन कव्हर केलं नाही तर ती परत मधे येते. कव्हरची सोंगटी कुठली हे आधी ठरवल्याशिवाय राणीवर स्ट्रायकर मारायचा नाही, एवढी सवय लागली तरी खूप झालं.

सगळ्यांनी मिळून खेळायच्या, म्हणजे सगळे एकत्र जिंकतात किंवा एकत्र हरतात अशा खेळांबद्दल मात्र सावध राहायला हवं. मॅट लीकॉक यांचा २००८ सालचा 'पँडेमिक' हा त्यातला नावाजलेला. दोन ते चार खेळाडू जगभर पसरणाऱ्या चार रोगांवर इलाज शोधतात, प्रत्येकाला पाळीला चार कृती करता येतात. 'संघभावना शिकवतो' म्हणून हा आणला जातो, आणि होतं असं की चौघांतला एक हुशार, बोलका मुलगा बाकी तिघांच्या पाळ्याही स्वतःच खेळतो. तिघं नुसती माना डोलावतात. यावर उपाय सोपा आहे. ज्याची पाळी त्याने आधी आपला बेत बोलून दाखवायचा, इतरांनी फक्त प्रश्न विचारायचे, 'असं कर' म्हणायचं नाही, आणि शेवटचा शब्द पाळीवाल्याचा. पहिल्या खेपेला साथीचे, म्हणजे रोग एकदम भडकवणारे, चारच पत्ते घाला. पाच आणि सहा पुढे. तरी मुलं हरतात, आणि बहुधा एकाच कारणाने: दिसेल त्या गावातला रोग विझवत धावतात, आणि इलाजासाठी लागणारी एका रंगाचे पाच पत्ते एका हाती जमायच्या आत गड्डी संपते. निकडीचं आणि गरजेचं यांतला फरक शिकवणारा याहून चांगला पट आम्हाला माहीत नाही. दहावीच्या वर्षात तर तो फार उपयोगी पडतो.

आता त्या वीस मिनिटांबद्दल. सोंगट्या आवरून डबा बंद होईपर्यंत कोणी काही विचारू नये. हरल्याचा राग उतरायला तेवढा वेळ लागतो. मग वहीत तीन ओळी. डाव कुठे फिरला? तेव्हा माझ्यापुढे दुसरा पर्याय कोणता होता? तेव्हा मला काय माहीत नव्हतं? लिहून झाल्यावर बोलायला सुरुवात जिंकलेल्याने करावी आणि आपण कुठे हरू शकलो असतो ते सांगावं. हरलेल्याला आधी उभं केलं की तो सबबी सांगतो. बुद्धिबळात चाली लिहिण्याची पद्धत असल्यामुळे हे काम सोपं आहे, पण तिथेही एक चूक नेहमी होते. डाव संपताच मुलं तो मोबाइलवरच्या इंजिनमध्ये, म्हणजे चाली तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, घालतात. इंजिन चाल चुकली असं सांगतं, पण खेळणाऱ्याला ती त्या वेळी बरोबर का वाटली हे त्याला ठाऊक नसतं. दोघांनी आधी पटावर डाव पुन्हा मांडून बोलावं, इंजिन त्यानंतर.

चित्रपटांकडे वळतो. इथे शाळांची जुनी खोड म्हणजे दिवे लागताच 'काय बोध घेतलात?' असं विचारणं. मुलांना उत्तर ठाऊकच असतं: कष्ट करावेत, आईवडिलांचं ऐकावं, भेदभाव करू नये. चित्रपट न पाहताही ते देता येतं. त्याऐवजी विचारावं, कोणत्या दृश्यापर्यंत तुझं मत एक होतं आणि कोणत्या दृश्यानंतर बदललं? मग, त्या दृश्यात नेमकं काय दिसलं, काय ऐकू आलं?

हे विचारण्याआधी एक प्रयोग करून घ्यावा. सोव्हिएत दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्ह यांच्या नावाने तो ओळखला जातो आणि आज त्याला एक मोबाइल पुरतो. एका विद्यार्थ्याला खिडकीजवळ बसवा, चेहऱ्यावर कोणताही भाव नको, मोबाइल स्टुलावर पक्का ठेवून आठ सेकंदांचं चित्रण करा. मग तीन वेगळी चित्रणं, प्रत्येकी तीन सेकंदांची: वाढलेलं ताट, लाल शाईच्या शेऱ्यांनी भरलेली उत्तरपत्रिका, झोपलेलं तान्हं बाळ. चेहरा चार सेकंद, वस्तू तीन, पुन्हा चेहरा चार, अशी जोडणी करून तीन तुकडे तयार होतात. चेहरा तिन्हींत अगदी तोच. दुसऱ्या तुकडीतल्या मुलांचे तीन गट करून प्रत्येक गटाला एकच तुकडा दाखवा आणि बसलेल्या मुलाला काय वाटतंय ते एका शब्दात लिहायला सांगा. भूक, धास्ती, माया असे शब्द येऊ लागतात. प्रयोग फसतो तो तीन कारणांनी: बसलेला मुलगा अभिनय करतो, त्याची नजर वस्तूच्या दिशेला नसते, किंवा तिन्ही तुकडे एकाच गटाला दाखवले जातात. सगळं नीट करूनही दर वेळी फरक ठळक येतोच असं नाही. तसं झालं तर ते लपवू नये; का आला नाही यावर बोलावं. बातमीतल्या किंवा भांडणाच्या एखाद्या क्लिपमध्ये चेहऱ्याशेजारी काय जोडलं आहे, हे मुलं यानंतर विचारू लागतात.

पाहायच्या चित्रपटांत आम्ही सिडनी ल्यूमेट यांचा १९५७ चा 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' सर्वांत वर ठेवू. इंग्रजी जड जात असेल तर बासू चटर्जी यांनी १९८६ साली केलेला हिंदी 'एक रुका हुआ फैसला' आहे. वडिलांच्या खुनाचा आरोप असलेला एक मुलगा, दोषी की निर्दोष ते ठरवायला एका खोलीत बसलेले बारा ज्यूरी, म्हणजे सामान्य नागरिक, अकरा जण दोषी म्हणणारे आणि एक जण खात्री नाही म्हणणारा. मूळ चित्रपट ९६ मिनिटांचा आहे, दोन जोडतासांत बसतो. चार ठिकाणी थांबवून मुलांचं गुप्त मतदान घ्यावं: पहिल्या मतदानानंतर, खुनातल्या चाकूसारखाच दुसरा चाकू टेबलावर येतो तेव्हा, म्हाताऱ्या साक्षीदाराच्या चालण्याची वेळ मोजल्यावर, आणि चष्म्याचा मुद्दा निघाल्यावर. चिठ्ठीवर मत आणि कारण दोन्ही हवं. मागच्या वेळेपेक्षा मत बदललं असेल तर मुलाने प्रामाणिकपणे लिहावं: पुरावा बदलला, की आजूबाजूचे बदलले म्हणून मी बदललो?

म्हाताऱ्याचा प्रसंग जवळून बघण्यासारखा आहे. पाय ओढत चालणारा माणूस म्हणतो की मी पंधरा सेकंदांत दारापर्यंत पोहोचलो आणि पळणाऱ्याला पाहिलं. ज्यूरीतला एक जण घराचा नकाशा मागवतो, अंतर पावलांनी मोजतो आणि तसंच लंगडत चालून दाखवतो. चालायला सुरुवात होण्याआधी चित्रपट थांबवा आणि प्रत्येकाला अंदाज लिहायला लावा. उत्तर येतं ४१ सेकंद. मुलांचे अंदाज दूरवर विखुरलेले असतात, आणि अंदाजावर माणसाचा जीव टांगणं म्हणजे काय हे शांतपणे समजतं.

मुलांनी नायकावरही शंका घ्यावी. बाहेरून चाकू विकत आणणं, म्हणजे स्वतः तपास करणं, खऱ्या ज्यूरीला मनाई असतं. खोलीत एकही बाई नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं: मुलाने खून केला होता की नव्हता, हे चित्रपट शेवटपर्यंत सांगत नाही. मुलं यावर चिडतात, 'पण खरं काय होतं?' असं विचारत राहतात. फाशांच्या तासाला जे केलं तेच इथे कामी येतं. निकाल कळणारच नसेल तर निर्णय तपासायचा कसा? त्या वेळी हातात जे होतं त्यावरून. चित्रणाची एक गंमतही दाखवावी. ल्यूमेट यांनी सुरुवातीला कॅमेरा डोळ्यांच्या पातळीच्या वर ठेवला, मग पातळीवर, शेवटी पातळीच्या खाली, आणि लेन्स बदलत नेल्या. त्यामुळे छत दिसू लागतं आणि खोली आकसल्यासारखी वाटते. सुरुवातीची आणि अखेरची एकेक चौकट थांबवून शेजारी ठेवली की मुलांना हे स्वतः दिसतं.

मराठीत अविनाश अरुण यांचा 'किल्ला' या वयासाठी अप्रतिम आहे. बर्लिनच्या महोत्सवात २०१४ साली त्याला 'क्रिस्टल बेअर' पारितोषिक मिळालं ते मुलांच्याच ज्यूरीकडून. वडील गेलेला, पुण्याहून कोकणात आलेला चिन्मय पावसात किल्ल्यावर एकटा मागे राहतो आणि मित्रांनी दगा दिला असं धरून बसतो. तो प्रसंग संपला की थांबवावं आणि दहा ओळीत तोच प्रसंग त्या मित्रांतल्या बंड्याच्या बाजूने लिहायला सांगावा. नागराज मंजुळे यांचा जातिभेदावरचा 'फँड्री' नववी-दहावीला दाखवावा, पण तयारीशिवाय नाही. डुक्कर वाहून नेणाऱ्या कुटुंबामागे भिंतीवर महापुरुषांची चित्रं दिसतात. कोणी काही बोलून दाखवत नाही. प्रश्न चौकटीत काय आहे याबद्दलच विचारावेत. 'तुमच्याकडे असं होतं का?' असं वर्गात विचारणं म्हणजे एखाद्या मुलाला सगळ्यांसमोर उघडं करणं आहे. ते कदापि करू नये. ज्याला बोलायचं आहे तो बोलेल, किंवा नंतर एकटा येईल.

शाळांना दोन व्यवहाराच्या गोष्टी माहीत असाव्यात. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार शिक्षणसंस्थेच्या कामाचा भाग म्हणून, प्रेक्षक फक्त विद्यार्थी, शिक्षक-कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित लोक असतील, तर चित्रपट दाखवण्याला सूट आहे. गावाला किंवा सोसायटीला बोलावून दाखवायचा असेल तर परवानगी घ्यावी लागते. दुसरं, २०२४ च्या चित्रपट प्रमाणन (सेन्सॉर) नियमांपासून नव्या चित्रपटांना यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+ असे वयोगट मिळतात. आठवी-नववीसाठी निवड करताना पहिली चाळणी तीच. तरी शिक्षकाने चित्रपट आधी पूर्ण पाहिलेला असलाच पाहिजे.

यावरून आपल्याला दोन विनंत्या. आपल्या शुक्रवारच्या चित्रपट-पानावर तारे किती दिले ते असतं. त्याच्याशेजारी प्रमाणपत्राचा वयोगट आणि चित्रपटाची लांबी मिनिटांत छापावी. आणि येत्या सुट्टीच्या पुरवणीत खेळांची यादी देण्याऐवजी एकच खेळ पूर्ण द्यावा. नवकंकरीचा पट वीस सेंटिमीटरच्या चौकोनात नीट उतरतो, बिंदूंमध्ये झाकण ठेवण्याइतकं अंतर राहतं, आणि नियम दीडशे शब्दांत मावतात. पट कात्रीने कापून पुठ्ठ्यावर चिकटवता यावा म्हणून त्याच्या मागच्या बाजूला मजकुराऐवजी जाहिरात घ्यावी.

आपले,
माध्यमिक शाळेतील काही शिक्षक, पुणे